भूमिगत नवस

“नवस बोलताना मायले सारं उलगडून सांगजो, मनकर्णा. ते आपली माय हाय, वकील नाई. जेवढं मागशीन तेवढंच देईन.”

हे माझ्या सासूबाईंचे, रुखमाबाईंचे सांगणे. अंगणात लाखोळीची डाळ पाखडता पाखडता त्यांनी ते सांगितले आणि मी “हो” म्हटले. मी सगळ्यांनाच हो म्हणते. त्यामुळे माणसे मला सालस समजतात आणि पुढचे ऐकून घ्यायचे माझे श्रम वाचतात. सासूबाई पुढे वारल्या. मग जो नवस बोलायला नको होता नेमका तोच, आणि ज्या शब्दांत नको होता नेमक्या त्याच शब्दांत, मी बोलून मोकळी झाले.

कोणतीही गोष्ट दिसेनाशी झाली की ती संपली, हे सुधारलेल्या समाजाचे पहिले लक्षण आहे. मोरीचे पाणी भिंतीपलीकडे गेले की घर स्वच्छ होते. म्हातारी माणसे मागच्या खोलीत गेली की बैठकीची खोली मोठी होते. याच तत्त्वाला अनुसरून आमच्या बेलटोल्याच्या कोळसा खदानीचे खुल्या पद्धतीतून भूमिगत पद्धतीत रूपांतर करण्यात आले. हे माझ्या नवसामुळे घडले असे गावात मानतात. मी ते नाकारत नाही. नाकारायला मोठ्याने बोलावे लागते आणि माझा आवाज लहान आहे.

आधी खुल्या खदानीविषयी दोन चांगले शब्द बोलले पाहिजेत, कारण ती आता नाही आणि गेलेल्याविषयी वाईट बोलू नये.

खुली खदान ही फार प्रामाणिक संस्था होती. जे काही करायचे ते चव्हाट्यावर. दुपारी भोंगा व्हायचा, गुरे आपणहून गोठ्याकडे वळायची, बाया चुलीवरचे भांडे दोन्ही हातांनी धरायच्या, आणि मग सुरुंग उडायचा. घर एकदा अंग झटकायचे. देवघरातला बाळकृष्ण रोज थोडा थोडा पूर्वेकडे सरकायचा, शनिवारी मी त्याला उचलून परत जागेवर ठेवायची. (देव जागचा हलत नाही म्हणणाऱ्यांनी तेव्हा बेलटोल्यात येऊन राहायला हवे होते.) अंगणात मी साधी हिरवी तुळस लावली होती. वर्षभरात ती काळी झाली. शास्त्रात कृष्णतुळस श्रेष्ठ मानलेली आहे. कंपनीने तिचे वेगळे काही मागितले नाही.

खदानीतून निघालेल्या मातीचा डोंगर गावाच्या पूर्वेला रचलेला होता, अजून आहे. पंचांगात संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो, पण तो ज्यांच्या पूर्वेला डोंगर नाही त्यांच्यासाठी. आमचा चंद्र मातीचा ढीग चढून यायचा, आणि ढीग दर वर्षी वाढायचा. गडचिरोलीला माझी नणंद असते. ती उपास सोडून, भांडी घासून, निजायला जायची तेव्हा मी अंगणात ताट झाकून डोंगराकडे पाहत बसलेली असायची. कंपनीने डोंगर जसजसा वाढवला तसतसे माझे पुण्य वाढत गेले. मी तिची आजही ऋणी आहे.

माझ्या व्रतांची माहिती येथे द्यायला हवी. सोमवार महादेवाचा, मंगळवार मातामायचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारोतीचा. बुधवारी मौन. शुक्रवार आणि रविवार मोकळे ठेवले आहेत, पण त्यांच्यावर चतुर्थी-एकादशी येऊन पडतातच. घरच्यांचे (म्हणजे यजमानांचे, नाव मी घेत नाही) म्हणणे असे, की बुधवारी मी मौन पाळते हे त्यांना लग्नानंतर बरीच वर्षे कळलेच नव्हते.

तर खदान सरकत सरकत आमच्या मागच्या ज्वारीच्या वावराला येऊन टेकली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी चिंचेचे झाड दिसायचे. आता काहीच दिसत नव्हते, आणि ते काहीच फार खोल होते. गावात जनसुनावणी झाली. मी उभी राहिले आणि “नाही” म्हणाले. “एका महिलेने उभे राहून पाठिंबा दर्शविला,” अशी नोंद झाली. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. मी नाही म्हणतानासुद्धा मान होसारखीच हलवते.

माणसांना ऐकू येत नाही म्हटल्यावर मी मातामायकडे गेले.

मातामाय म्हणजे आमच्या गावाच्या सीमेवर कडुनिंबाखाली बसलेला शेंदरी दगड. आमच्या शेजारच्या ठमाबाईची विहीर खोदताना तो पहिल्या पाण्याबरोबर वर आला आणि गावाने तो इथे आणून बसवला. म्हणून मायच्या नवसाचा भात त्याच विहिरीच्या पाण्यात शिजवायचा, अशी रीत आहे. (हे ध्यानात ठेवायची गरज नाही. मीही विसरले होते.) मी पदर पसरला आणि म्हटले, “माय, ही खदान माझ्या नजरेआड कर. तोवर मी भात खाणार नाही. नजरेआड झाली की तुझ्या पाराशी गावाला भात घालीन आणि पहिला घास तुझ्यासमोर मी घेईन.”

मागणे इतकेच. नजरेआड कर. बंद कर नाही, दूर ने नाही, आमचे वावर सोड असेही नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी तिथेच कपाळावर हात मारला असता.

भात सोडणे म्हणजे काय, हे ज्वारी खाणाऱ्यांना समजणार नाही. माझे माहेर ब्रह्मपुरीकडचे. तिकडे भात हा पदार्थ नसतो, तो जेवणच असतो. बाकीचे त्याच्या बाजूला बसायला येते. बेलटोल्याला सून होऊन आले तेव्हा सासरी दोन वेळा भाकर पाहून मला वाटले, भात मागून येतोय. तो सणाला आला. अशा माणसाने भात सोडला, याची गावाने दखल घेतली. बाया मला हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी बोलवू लागल्या.

पहिले वर्ष नवस उघड पद्धतीने चालला. मी भात खात नव्हते आणि तो मी खात नाही हे सर्वांना दिसत होते. दुसऱ्या वर्षी पोह्यांचा प्रश्न उपस्थित झाला. पोहे हे भात आहेत किंवा कसे? अर्ज माझा, सुनावणी माझ्यापुढे, निकालही मीच दिला. भात शिजतो. पोहे भिजतात. सबब पोहे भात नव्हेत. त्याच न्यायाने मुरमुरे सुटले (ते फुटतात), धिरडी सुटली (ती पसरतात), इडली तर आमच्या भागातली नाहीच. तांदळाची खीर हा प्रसाद असतो आणि प्रसाद नाकारणे पाप आहे, सबब खिरीचा विचार वेगळ्याने करण्यात आला व तिला वाटीची मर्यादा घालून मंजुरी देण्यात आली. वाटीचा आकार नमूद करायचे राहून गेले.

वरून पाहणाऱ्याला माझे व्रत अखंड दिसे. कुठे भेग नाही, खड्डा नाही. आत उत्पादन सुरळीत चालू होते. बेलटोल्यात भूमिगत पद्धत कंपनीने आणली असे लोक म्हणतात. नम्रपणे सांगते, मी ती कंपनीच्या पुष्कळ आधी आणलेली होती.

ठमाबाईला मात्र हे ठाऊक होते. तिची आणि माझी भिंत एकच आहे आणि फोडणीला भिंत अडवत नाही. “काय व मनकर्णा,” ती पलीकडून विचारायची, “आज बी पोहेच का? सारे उपासानं वाळतात, तू काऊन फुगून राह्यली?”

मी उत्तर देत नसे. बुधवार नसला तरी.

ठमाबाई एकटी राहते. मुलगा नागभीडला रेल्वेत आहे, तो “इकडे ये” म्हणतो. ही म्हणते, विहीर घेऊन येऊ का? ती विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने नव्या संसारात स्वतः खोदलेली. नवरा खाली कुदळ मारायचा आणि ही वर टोपली ओढायची. आता तिच्या पाण्यावर तिचा वालाचा वेल, वांग्याचे वाफे आणि एक शेळी चालते. तिला एवढेच हवे असते, की सकाळी उठून दोर सोडावा आणि खाली बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज यावा. तो आवाज ऐकला की दिवस निघाला, असे ती म्हणते.

मग कंपनीचे कल्याण अधिकारी प्रवीणसाहेब गावात आले. (कल्याण कोणाचे, ते पाटीवर लिहिलेले नव्हते, जागा कमी पडली असावी.) साहेब वयाने लहान, बोलायला गोड, सगळ्यांना “आपण” म्हणणारे. शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. साहेबांनी सांगितले, की कोळसा आता फार खाली उतरला आहे. टोपलीभर कोळशासाठी गाडीभर माती काढावी लागते. एक नवरदेव आणायला किती वऱ्हाड जेवू घालायचे? म्हणून आता खड्डा वाढवणार नाही. खड्ड्याच्याच भिंतीतून एक उतरते भुयार गावाखाली जाईल. धूळ नाही, भोंगा नाही, डंपर नाही. गाव आहे तिथेच राहील, कोळसा तेवढा खालून निघून जाईल.

मातामायचे पुजारी मुखरूभाऊ उठले. “साहेब, खालचं काढलं तं वरचं कायच्यावर उभं राहीन?”

“आपण काळजी करू नका. कोळशाचेच जाड खांब सोडतो आम्ही.”

“अन मंग?”

“मग शेवटी, परत येताना, खांबही काढून घेतो.”

“अन मंग?”

“मग जमीन थोडीशी बसते. शास्त्रशुद्ध पद्धतीने.”

ठमाबाई मागून म्हणाली, “बसू द्या ना बिचारीले. लय दिवसाची उभी हाय.”

लोक हसले. साहेबही हसले. “ग्रामस्थांनी प्रकल्पाचे हसतमुखाने स्वागत केले,” अशी नोंद झाली. आमच्या गावाच्या नोंदी फार सुरेख असतात.

वर्षभरात रूपांतर पूर्ण झाले. खड्ड्याच्या काठाला हिरवे पत्रे उभे राहिले, पत्र्यांवर हरणे आणि मोर रंगवले. (पूर्वी तिथे खरे होते, पण ते एका जागी थांबत नसत.) माझ्या खिडकीतून आता मोर दिसू लागला. दुपारचा भोंगा गेला. सुरुंग आता पायाखाली कुठेतरी खोल उडतो. बाळकृष्ण सरकत नाही, नुसती किंचित मान डोलावतो. अगदी माझ्यासारखी.

खदान नजरेआड झाली होती. गावाने माझ्याकडे पाहिले.

मुखरूभाऊंनी माझ्या दारात येऊन सांगितले, “बाई, तुह्या नवसाले माय पावली. आता फेडजो.” खरे सांगायचे तर मला आनंद झाला. मी माहेरहून आणलेला बारीक तांदूळ काढून उन्हात घातला आणि दिवसभर त्याच्याकडे पाहत बसले.

एवढ्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली ही, की डंपर बंद पडल्यामुळे डंपर चालवणारे आमचे घरचे बिनकामाचे झाले. ते कामासाठी साहेबांकडे गेले आणि बोलता बोलता माझा नवस सांगून बसले. साहेब खुर्चीतून उठले. आजवर देशात अनेक खदानी भूमिगत झाल्या, पण एखादी खदान भूमिगत झाल्यामुळे स्थानिक महिलेचा नवस फिटला, असे उदाहरण वरच्या ऑफिसातही कोणाच्या ऐकण्यात नव्हते. ठरले. भुयाराचे उद्घाटन आणि नवस एकाच मंडपात होणार. तांदूळ कंपनीचा, मंडप कंपनीचा, देवी गावची. बाईंनी फक्त पहिला घास घ्यायचा आणि फोटोवाल्याकडे पाहायचे. साहेबांनी विचारले, “मनकर्णाबाई, आपण याल ना?”

मी म्हटले, “हो.”

दुसरी गोष्ट ही, की ठमाबाईच्या विहिरीचे पाणी गेले.

पावसाळा संपला होता. गावातल्या इतर विहिरींतून वाकून तांब्या बुडवता येत होता. ठमाबाईने सकाळी दोर सोडला आणि बादली दगडावर वाजली. कंपनीचा इंजिनियर आला, त्याने आत खडा टाकला, कान दिला, आणि “पाणी खोलवर आहे” असे सांगून गेला. ते खरेच होते. भुयार विहिरीच्या बरोबर खालून गेले होते आणि पाणी त्याच्याही खाली पंपाजवळ जमा होत होते.

ठमाबाई माझ्याकडे आली. बसली नाही.

“तू भात खानार मनते मंगळवारी.”

“हो.”

“खाय. पन तू घास घेतला का सारे म्हंतीन, झालं, माय पावली, आता काई तरास नाई. मंग माह्या विहिरीत कोन डोकावून पाहीन? माह्या पोट्ट्यानं तं बॅग पाठवून देल्ली नागभीडवरून. माह्यासाठी बॅग!” तिने पदराने तोंड पुसले. “माह्या विहिरीत पानी येईपर्यंत घास नोको घेऊ, मनकर्णा. एवढं आयक.”

मी म्हटले, “हो.” आणि तिचे गुडघे पाहून पुढे आणखी एक बोलून गेले, “तोवर रोज सकाळी शाळेच्या बोरिंगवरून तुला एक घागर मी आणून देईन.”

अशा रीतीने मंगळवारी घास घेण्याला आणि न घेण्याला, दोन्हीला माझी संमती झाली. घरच्यांना सांगितले तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले. “तुले एकडाव तरी नाई म्हनता येते का व? साहेबानं मले टँकर चालवाले देतो म्हटलं हाय. कार्यक्रम झाला का ऑर्डर.”

मंगळवार आला. मंडप पडला. मायच्या अंगावर नवे लुगडे, साहेबांच्या खिशाला फूल, आणि आचाऱ्यांनी चढवलेल्या मोठ्या मोठ्या गंज-पातेल्यांतून भाताची वाफ. अकरा वर्षांनी इतक्या जवळून ती नाकात गेली. मी ठमाबाईकडे पाहायचे टाळत होते. ती सगळ्यांत पुढे बसली होती, त्यामुळे टाळायला मान बरीच वळवावी लागली. येथे कोणी मला धीराची बाई समजू नये. माझा उजवा हात पानावर गेलेला होता. भात पांढरा, मोकळा, वर तूप. मी घास उचलला.

तोंडाशी आला तेव्हा त्याला वेगळाच वास आला. कॅनच्या पाण्याचा. जीभ चवीच्या बाबतीत पक्की असते, व्रताच्या बाबतीत नसली तरी. साहेबांनी त्याच क्षणी “दोन शब्द बोला” म्हणून माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि मी आपली नेहमीच्या आवाजात, सहज, विचारले,

“साहेब, हे पाणी कुठचं?”

माझा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. तो कडुनिंबावर गेला, मातीच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. मला वाटले दुसरेच कोणी बोलले.

“आरओचे आहे बाई, एकदम शुद्ध!” साहेब म्हणाले. “चंद्रपूरहून मागवले!”

गावाने पानावरचे हात मागे घेतले. मुखरूभाऊ उठले. “नाई चालत. मायचा भात ठमाबाईच्या विहिरीच्या पान्यातच शिजते. मी बी विसरलो होतो. खाल्ला अस्ता तं कोप झाला अस्ता.” कोप कोणावर झाला असता हे त्यांनी सांगितले नाही, पण सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले.

ठमाबाई एवढेच म्हणाली, “बाप्पा! मनकर्णाले तोंड हाय.”

साहेब हुशार होते. ते म्हणाले, हरकत नाही. पाणी विहिरीचे हवे ना? मग विहिरीत पाणी टाकू आणि तेच वर काढू. मुखरूभाऊंनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला, “एक रात विहिरीत मुक्काम केला पायजे. सून घरात रायली म्हंजे घरची होते, तसं. वरून टाकलं अन लगेच काढलं, ते पावन्याचं पानी.”

दोन्ही पक्षांना हे मान्य झाले. कार्यक्रम एक दिवसापुरता तहकूब करण्यात आला. घरच्यांना टँकरची ऑर्डर मिळाली. त्याच संध्याकाळी त्यांनी पहिला टँकर ठमाबाईच्या विहिरीत रिकामा केला. ठमाबाई काठावर बसून पाण्याचा आवाज ऐकत होती. मीही ऐकला. फार चांगला आवाज होता.

सकाळी विहीर कोरडी.

दुसऱ्या दिवशी दोन टँकर टाकले. सकाळी कोरडी. तेव्हापासून ही कार्यवाही नियमित सुरू आहे. टँकर भुयाराच्या तोंडाशी भरतो, कारण तिथे पंपाने खदानीतले पाणी सतत बाहेर काढावे लागते आणि ते फुकट जाऊ नये अशी कंपनीची तळमळ आहे. तिथून तो विहिरीशी येतो आणि रिकामा होतो. पाणी विहिरीच्या तळातल्या भेगांतून खदानीत उतरते. पंप ते वर काढतो. टँकर भरतो. घरचे मला म्हणाले, “मी सकाळी टाकलेलं पानी मले संध्याकाळी पुन्हा भेटते. आता ओळख झाली आमची.”

कंपनीच्या अहवालात याला “विहीर पुनर्भरण योजना” असे नाव आहे. पहिल्या वर्षी कित्येक लाख लिटर पुनर्भरण झाले, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. (लाख दर वर्षी नवे असतात, लिटर तेच.) पंप, टँकर आणि विहीर मिळून बारा जणांना रोजगार मिळाला आहे. एका संस्थेने साहेबांना जलसंवर्धनाचे मानचिन्ह दिले. त्यावर विहिरीचे चित्र आहे, आणि चित्रात पाणी आहे. साहेबांची पुढे बढती झाली. जाताना ते मला भेटले आणि म्हणाले, “बाई, आपला नवस तेवढा राहिला.” मी हो म्हटले.

कार्यक्रम अजून तहकूबच आहे. कंपनीचा तांदूळ शाळेच्या एका खोलीत ठेवला आहे, त्याला सोंडे लागले. मी भात खात नाही. आणि हो, मंडपातल्या त्या दिवसापासून मी पोहेही खात नाही. खीर नाही, मुरमुरे नाहीत. निकाल फिरवला. हे मी कुणाला सांगितलेले नाही, पण फोडणीला भिंत अडवत नाही. परवा ठमाबाई पलीकडून म्हणाली, “काय व, मोहरीचा आवाज नाई ऐकू येऊन राह्यला सकाळी?” आणि वर, “तुह्या लटारूच्या टँकरवर तुही भाकर, अन माह्या विहिरीवर तुहा उपास. चांगला धंदा मांडला तू, मनकर्णा.” (घरच्यांचे नाव तिने घेतले, मी नाही.)

ती खरेच बोलली. विहिरीत पाणी टिकले तर टँकर थांबेल. टँकर थांबला तर आमची चूल थांबेल. पाणी टिकावे म्हणून मी रोज प्रार्थना करते आणि ते टिकू नये यावर घर चालवते. दोन्ही मनोभावे.

नागभीडहून आलेली बॅग ठमाबाईच्या खुंटीला लटकलेली आहे. तिने तीत अजून काही भरलेले नाही. मी रोज घागर घेऊन गेले की आधी खुंटीकडे बघते.

मागच्या मंगळवारी मी मायकडे पुन्हा गेले. या वेळी सासूबाईंचे ऐकायचे, सगळे उलगडून सांगायचे, असे घोकून गेले होते. नजरेआड म्हणजे काय, खाली म्हणजे किती, खांब म्हणजे कोणते, परत येताना म्हणजे केव्हा, सगळ्यांची कलमे पाडली होती. पारापाशी बसले, सुरुवात केली, आणि मला दिसले, की मायच्या पुढ्यात बरीच गर्दी आहे. तिथे माणूस नव्हते, फक्त मी होते. पण आजवर हाच नवस बोलणारे सगळे तिथे होते. चंद्रपूरचे, नागपूरचे, त्याच्याही पलीकडचे. इथल्या कोळशाच्या विजेवर दिवे लावणारे, पंखे लावणारे, फोन चार्जिंगला लावून निजणारे. कुणीही पदर पसरला नव्हता, कुणीही भात सोडला नव्हता, तरी मागणे अक्षरशः माझेच होते: असू दे, पण मला दिसायला नको.

माय कोणाला नाही म्हणत नाही. त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

तेव्हा आपणही मनाला लावून घेऊ नये. हे वाचेपर्यंत आपल्याला बेलटोला कधी दिसला नव्हता, म्हणजे आपला नवस माझ्याही आधी पावलेला आहे. फेडायचा तेवढा राहिला. केव्हा येता ते कळवा, पान मांडून ठेवते. येताना पाणी मात्र आणू नका, इथे एक रात्र राहिलेलेच चालते.

उजाडले. आज बुधवार आहे, बोलायचे नाही. शाळेच्या बोरिंगवर अजून कोणी आलेले नसेल. मी घागर काखेला लावली आणि ठमाबाईच्या दारावरून निघाले.